मयताच्या घरची वीज

फोटोपुढच्या दिव्याची ज्योत ठरावीक वेळाने डावीकडे झुकत होती. झुकायची, क्षणभर तशीच राहायची, पुन्हा सरळ व्हायची. मनातल्या मनात मोजून पाहिलं तर दोन झुकण्यांमधलं अंतर दर वेळी सारखंच भरत होतं. खिडकी बंद होती, पंखा बंद होता आणि खोलीतले आम्ही चौघं श्वासही दुखवट्याला शोभेल इतका हळू घेत होतो. वारा इतका शिस्तीने वाहत नाही. ज्योत ज्या बाजूने ढकलली जात होती, त्या बाजूला आतल्या खोलीचं दार होतं. ते लावलेलं होतं आणि त्याच्या खाली बोटभर फट होती.

फोटो गंगाधर म्हेत्र्यांचा होता. सूतगिरणीच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. ओळखपत्रावर हसायची परवानगी नसते, त्यामुळे हार घातल्यावरही ते हजेरी लावायला उभे असल्यासारखे दिसत होते. कोपऱ्यातल्या मोबाइलवर गरुडपुराण लावलं होतं, आणि आवाज असा की नरकातल्या शिक्षा सबंध साळी गल्लीला कळाव्यात.

"आवाज थोडा कमी केला तर?" आमचे उपकार्यकारी अभियंता शिरगुप्पे साहेब सतरंजीवर मांडी सावरत म्हणाले.

"राहू द्या साहेब," पुतळाबाई म्हेत्रे पदराआडून म्हणाल्या. "त्यांना कमी ऐकू यायचं."

साहेबांनी समजुतीने मान हलवली. मृताच्या बहिरेपणाचा मान राखणारे अधिकारी आमच्या वीज कंपनीत तेव्हा तरी होते.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी त्या वेळी तालुक्याच्या कचेरीत मीटर तपासायच्या टेबलावर होते. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करून मीटर तपासायला का आलीस, असं मला सगळे विचारायचे. मीटर खरं बोलतं आणि कामापुरतंच बोलतं. कचेरीत असं दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी थकबाकीदारांची वीज तोडायला गेलेलं पथक म्हेत्र्यांच्या दारातून परत आलं. पथकाचे प्रमुख वायरमन बशीर मुलाणी. त्यांनी पकड टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "साळी गल्ली राहिली साहेब. म्हेत्र्यांकडं मयत झालंय."

"कोण गेलं?"

"गंगाधर म्हेत्रे. ते मशिनवाले."

मयताच्या घरची वीज तेराव्यापर्यंत तोडायची नाही, असा आमच्याकडे नेम होता. तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता, म्हणूनच काटेकोर पाळला जायचा. पूर्वीच्या कुणा वायरमनने घालून दिलेला, पुढच्यांनी न विचारता उचललेला. तुम्ही कसं काय सुतक पाळता, असं मी बशीरभाईंना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "सुतक त्यांचं, शिडी माझी. रडत्या घराला मी शिडी लावत नाही."

बातमी ऐकून साहेबांनी हळहळ व्यक्त केली आणि नंतर त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. त्याला कारण होतं. गंगाधर म्हेत्रे हा आमच्या समितीचा सगळ्यात अवघड विषय होता, आणि तो समितीला काहीही न करता मार्गी लागला होता.

समितीचं नाव असुरक्षित ग्राहक संरक्षण समिती. वरून आदेश आला होता की जी घरं विजेवाचून तगणार नाहीत, त्यांची वीज तोडू नये. अशी घरं कोणती, ते खालच्यांनी ठरवावं. साहेब अध्यक्ष, लेखाधिकारी चौगुले सदस्य, जिल्ह्याहून एक कायदेतज्ज्ञ, ज्यांना आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं, कर्मचाऱ्यांच्या वतीने बशीरभाई, आणि मी. नियमाप्रमाणे एक महिला लागत होती आणि एक तांत्रिक जाणकार. माझ्यात दोन्ही एकदम मिळाल्याने कंपनीची एक खुर्ची वाचली.

मसुदा मी केला होता. घरी विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या आधाराने जगणारं माणूस असेल तर त्या घराची वीज तोडू नये. एका वाक्याचा मसुदा बघून साहेब काळजीत पडले. इतकं सोपं लिहिलं तर लोक त्याचा फायदा घेतील, असं ते म्हणाले. मग वाक्यावर काम सुरू झालं. यंत्र म्हणजे काय? चौगुल्यांनी विचारलं की पेशंटला पेज पातळ करून द्यायचा मिक्सर यंत्रात धरायचा का. जगणारं म्हणजे किती जगणारं? आधार म्हणजे पूर्ण की अंशतः? डॉक्टरांचा दाखला दर महिन्याला नवा हवा, आणि तो घ्यायला रुग्णाने जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः हजर राहावं, म्हणजे तो खरोखर अंथरुणाला खिळलेला आहे याची खात्री पटेल. अर्ज मात्र सोयीसाठी संगणकावरूनच करायचा. वीज गेली असेल तर कसा करायचा, असं मी विचारलं. मुद्दा चांगला आहे म्हणून तो पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. चहा आणि बटाटेवडे प्रत्येक बैठकीत वेळेवर आले.

त्यातल्या एका बैठकीला पुतळाबाई आल्या होत्या. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने नवऱ्याची छाती गेलेली, घरात हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, ते दिवसरात्र चालणारं, आणि त्यापायी वीजबिल पेन्शनीच्या पुढे गेलेलं. एवढं त्यांनी उभ्यानेच सांगितलं आणि विचारलं, "तोडणार का नाही, तेवढं सांगा."

"तत्त्वतः आम्ही तुमच्या बाजूचे आहोत," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, तत्त्वतः म्हंजे किती दिवस?"

मी मसुद्याच्या मागे लागले, एवढंच.

तर आता म्हेत्रेच नव्हते. शिवाय कंपनीचा ग्राहक संवाद पंधरवडा चालू होता आणि प्रत्येक अधिकाऱ्याने ग्राहकाच्या घरी जाऊन फोटो पाठवायचा होता. दुखवट्याची भेट संवादात धरता येते का, हे साहेबांनी चौगुल्यांना विचारून घेतलं. धरता येत होती. म्हणून साहेब, मी आणि वाट दाखवायला बशीरभाई असे आम्ही साळी गल्लीत आलो, आणि म्हणून मी त्या ज्योतीकडे बघत बसले होते.

"कधी झालं?" साहेबांनी विचारलं.

"परवा पहाटं."

"त्रास झाला का फार?"

"त्यांना सवय होती."

"शेवटी काही बोलले?"

पुतळाबाईंनी थोडा विचार केला. "लाईट घालवू नका म्हणाले."

साहेबांनी डोळे मिटले. "सुटले म्हणायचं," ते म्हणाले. "आता ते मशिनही बंद असेल. बिलाचा भार हलका होईल तुमचा."

ज्योत डावीकडे झुकली. मशिन अजिबात बंद नव्हतं. असली यंत्रं हवा ओढतात, ऑक्सिजन वेगळा काढतात आणि उरलेली हवा ठरावीक वेळाने फुसकन सोडून देतात. दाराखालून येत होती ती गंगाधर म्हेत्र्यांना नको असलेली हवा. मी दाराकडे तोंड करून बसलेल्या बशीरभाईंकडे पाहिलं. ते उंबऱ्याचं लाकूड निरखत होते.

"चहा टाकते," पुतळाबाई म्हणाल्या, आणि सुतकातल्या घरी चहा विचारत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजे, शेजारणीला सांगते."

"छे छे. अशा वेळी चहा कसला." साहेब पुढे सरकले. "वहिनी, मी मुद्दाम सांगायला आलोय. तेराव्यापर्यंत तुमच्या मीटरला कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

"आणि तेराव्यानंतर?"

"तेराव्यानंतर मीटर काढावं लागेल. मयत व्यक्तीच्या नावावर वीज चालू ठेवता येत नाही. तुम्ही वारस म्हणून नवा अर्ज करा, जुनी बाकी भरा, की लगेच नवं मीटर."

पदर किंचित हलला. "म्हंजे मेल्यावर पण तोडणारच."

"नियमाप्रमाणे."

"आणि मेले नसते तर?"

"तर आजच तोडली असती," साहेब मायेने म्हणाले.

आतून कुणीतरी खोकलं. खोल, ओला, मध्येच अडकलेला खोकला. गरुडपुराणात त्या वेळी कुणालातरी उकळत्या तेलात टाकत होते, पण खोकला त्याच्याही वर ऐकू आला.

"आत कोण आहे?"

"दीर आलेत गावाकडनं."

"त्यांनाही खोकला?"

"घराण्यातच हाय."

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि खिशातून मोबाइल काढून बशीरभाईंच्या हाती दिला. "मुलाणी, एक फोटो घ्या. मागे म्हेत्रे दिसले पाहिजेत."

"तसे मागंच हायत ते," बशीरभाई म्हणाले, आणि त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

तेवढ्यात ट्यूब विझली. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची घरघर खाली येत थांबली. गरुडपुराण बॅटरीवर होतं, ते चालूच राहिलं. पण त्याच्या जोडीला आतल्या खोलीतून एक बारीक, न थांबणारी शिट्टी सुरू झाली.

"हे काय वाजतंय?" साहेब म्हणाले.

पुतळाबाई उठल्या होत्या. पदर खांद्यावर आला. कपाळ मोकळं होतं, पण गळ्यात काळे मणी होते. त्यांनी दार ढकललं. "अहो, आडवं होऊ नका. बसा तसंच."

बशीरभाईंनी साहेबांचा मोबाइल सतरंजीवर ठेवला. "डीपीवरचा फ्यूज गेला असणार," असं म्हणून ते बाहेर कंपनीच्या गाडीवरच्या शिडीकडे धावले.

मी पुतळाबाईंच्या मागे आत गेले. खाटेवर तीन उश्यांना टेकून गंगाधर म्हेत्रे बसले होते. नाकात नळी, ओठ निळसर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. खाटेशेजारी यंत्र मुकं झालं होतं आणि त्याचा लाल दिवा आणि शिट्टी तेवढी चालू होती. भिंतीला एक लहान सिलिंडर होता. पुतळाबाईंनी नळी त्याला जोडली आणि चावी हातात घेतली.

"थांबा," मी म्हणाले. बाहेर येऊन फोटोपुढचा दिवा चिमटीने विझवला, उदबत्त्या उचलून गटारात टाकल्या आणि ओरडून सांगितलं, "आता सोडा." ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जवळच्याला जळायला मदत करतो. हे शाळेत सगळेच शिकतात, पण दुखवट्याचा देखावा मांडताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

सिलिंडर फुसफुसला. म्हेत्र्यांची मान हळूहळू वर आली. त्यांना दारात उभे असलेले साहेब दिसले.

"या साहेब," ते म्हणाले. प्रत्येक शब्दानंतर त्यांना थांबावं लागत होतं. "उठता येत नाही. राग मानू नका. मेलोय मी."

साहेबांनी एकदा बाहेरच्या फोटोकडे आणि एकदा आत पाहिलं. "म्हेत्रे, ही फसवणूक आहे."

"हाय की."

"कंपनीची फसवणूक."

"हिनं तुमच्या कमिटीला विचारलं. जित्या माणसाला काय सवलत हाय का." ते थांबले. "तुम्ही म्हणालात, विचार चालू हाय. मग बशीरला विचारलं. तो म्हणाला, मयत असलं तर तोडत नाहीत." पुन्हा थांबले. "म्हटलं, एवढंच ना."

"म्हणजे मुलाणीला हे माहीत होतं?"

"त्यांनी फोटो बघितला, हार बघितला," पुतळाबाई म्हणाल्या. "आत बघायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि वहिनी, तुम्ही? नवरा समोर बसलेला असताना हे असलं..."

"कुंकू पुसलं साहेब. मणी नाही काढले. हे म्हणाले, काढ, कुणीतरी बघंल. मी म्हटलं, कंपनीसाठी एवढंही नाही मरायचं तुम्ही."

मी सिलिंडरवरच्या काट्याकडे बघत होते. तो तांबड्या पट्ट्याच्या जवळ होता आणि पट्ट्याकडेच चालला होता. "दुसरा आहे का?" मी हळूच विचारलं.

पुतळाबाईंनी मान हलवली. नव्हता. त्या पाण्याचं भांडं नवऱ्याच्या ओठांशी धरून उभ्या राहिल्या. बाहेर पुराण चालू होतं.

"ते बंद करा कुणीतरी," म्हेत्रे म्हणाले. "परवापासनं ऐकतोय. सगळ्या शिक्षा पाठ झाल्या."

मी जाऊन मोबाइल बंद केला. शांततेत सिलिंडरचा आवाज जास्तच मोठा वाटला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा छताकडे. त्यांना बहुतेक प्रथमच कळत होतं की वीज नसलेल्या घरात वाट पाहणं म्हणजे काय, कारण कचेरीला जनरेटर होता.

ट्यूब लुकलुकली आणि लागली. यंत्राने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, शिट्टी थांबली, आणि थोड्या वेळाने पहिला फुसकारा बाहेर पडला. पुतळाबाईंनी नळी पुन्हा यंत्राला जोडली आणि चावी घट्ट बंद केली. काटा तांबड्यात टेकला होता.

बशीरभाई हात पुसत आत आले.

"मुलाणी," साहेब म्हणाले, "इथे मयत नाही."

"दिसतंय साहेब."

"म्हणजे सुतकही नाही."

"नाही."

"मग नेम लागू होत नाही. यादीत नाव आहे. तोडा."

बशीरभाईंनी म्हेत्र्यांकडे बघितलं नाही, साहेबांकडेच बघितलं. "आत्ताच जोडून आलो."

"तो गल्लीचा फ्यूज होता. हे एका ग्राहकाचं प्रकरण आहे."

"बरं," बशीरभाई म्हणाले. "लेखी द्या. आत माणूस मशिनवर हाय हे बघून तोडा म्हणालो, असं लिहा. खाली सही."

साहेबांनी नोकरीत आजवर स्वतःच्या हाताने एकच शेरा लिहिला होता: चर्चा करावी. त्यावर ते इथवर चढले होते. त्यांनी खिशातल्या पेनाला हात लावला आणि तो हात तसाच मागे घेतला.

"हा विषय आपण पुढच्या बैठकीत घेऊ," ते म्हणाले.

"आत्ताच घेऊ," मी म्हणाले. "अध्यक्ष आहेत, मुलाणी आहेत, मी आहे. तिघांत बैठक होते, हे तुम्हीच ठरवलंय. कायदेतज्ज्ञ येत नाहीत म्हणून."

"इथे?"

"विषय एकच आहे. तो इथेच बसलाय."

"मॅडम, काही प्रसंग बघाल की नाही?"

"आतापर्यंतच्या बैठकांना प्रसंगच नव्हता, साहेब."

माझा आवाज वर गेला नव्हता. मी टेबलावरही तसंच बोलायचे; मीटर चुकीचं असलं तर चुकीचं आहे म्हणायचे. पण साहेब माझ्याकडे असे पाहत होते, जणू मीटरच बोलायला लागलं आहे.

"तुम्हाला कळत नाही," ते जरा खालच्या सुरात म्हणाले. "एका घराला दिलं तर उद्या गावातले सगळे..."

"मरतील?" म्हेत्र्यांनी विचारलं. ते हसले, हसण्याचा खोकला झाला, आणि तो लवकर थांबला नाही.

पुतळाबाई बाहेर गेल्या होत्या. त्या फोटो हातात घेऊन दारात आल्या.

"साहेब, तोडणार असाल तर आत्ताच सांगा. हार तसाच ठेवते. परत आणायला नको."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. उरलेली भाजी झाकून ठेवू का, असं विचारावं तसं विचारलं आणि उत्तरासाठी उभ्या राहिल्या. खोलीत बसायला दुसरी जागा नव्हती. साहेब खाटेच्या कडेवर, म्हेत्र्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या वजनाने खाट कलली, म्हेत्र्यांचा तोल गेला आणि साहेबांनी नकळत त्यांच्या पाठीला हात लावला. तो हात तिथेच राहिला. यंत्राच्या तालावर ती पाठ वर होत होती आणि खाली जात होती, आणि मधूनमधून वर व्हायला उशीर लावत होती.

सतरंजीवरचा मोबाइल वाजला. बशीरभाईंनी तो आणून दिला. चौगुल्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येण्याइतका खणखणीत होता.

"साहेब, आजचा आकडा वर कळवायचाय. म्हेत्रे तोडलं?"

"नाही."

"हां, मयत ना ते. मयत लिहितो, तेराव्यानंतरची तारीख टाकतो."

"मयत नाही."

"मग काय लिहू?"

साहेबांची नजर पुतळाबाईंच्या हातातल्या फोटोवर गेली.

"साहेब, न तोडल्याचं कारण द्यावं लागतं. नाहीतर उद्या परत यादीत येणार ते."

साहेबांनी म्हेत्र्यांच्या पाठीवरचा हात काढला नाही. मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"लिहा," ते म्हणाले. "घरात माणूस जिवंत आहे, म्हणून तोडायची नाही. आज नाही, नंतर नाही, आणि असं माणूस ज्या ज्या घरात असेल, त्या कुठल्याच घराची नाही."